ऐंशीच्या वर नाही, विसाच्या खाली नाही

मला एक सांगा, शंभर टक्के हाताशी असताना जो माणूस रोज ऐंशीवर थांबतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? संयमी? चिक्कू? की सरळ डोक्यावर पडलेला?

आमच्या इमारतीने याचा निकाल कधीच लावला होता. आम्ही त्यांना ऐंशीकाका म्हणायचो.

खरं आडनाव म्हसकर, वय सहासष्ट. नवा वॉचमन मात्र त्यांना खरोखरच ऐंशी वर्षांचे समजतो आणि "इस उमर में भी खुद गाडी चलाते हैं" म्हणत सलाम ठोकतो. काकांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पस्तीस वर्षं मेंटेनन्सला काढून ते निवृत्त झाले आणि आता बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, आईबरोबर. त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची सरकली की आमच्या डाळीत चुना पडतो.

काकांकडे एक पांढरी, छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे. सेकंडहँड. मॉडेल इतकं जुनं की रस्त्यात तसलीच दुसरी दिसली, तर काका खिडकीतून मान बाहेर काढून विचारतात, "तुमची अजून किती जाते?" समोरचा चालक बहुतेक वेळा घाबरून निघून जातो.

या गाडीची बॅटरी हा काकांचा संसार. ती किती वर्षं टिकेल, यावर ते कुणाशीही, कुठेही, कितीही वेळ बोलू शकतात. "लिथियमचं पोट माणसासारखंच असतं," ते सांगतात. "गळ्यापर्यंत भरलंस की आयुष्य कमी. उपाशी मारलंस तरी कमी. म्हणून ऐंशीच्या वर नाही, विसाच्या खाली नाही." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणतात की आमच्या मजल्यावरच्या एका चिमुरडीने शाळेत पाढे म्हणताना तेच म्हणून टाकलं.

नियम गाडीपुरता राहिला असता तर हरकत नव्हती. पण काका स्वतःही ऐंशीवर थांबतात. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात वाढप्याने जिलबी पुढे केली, तेव्हा यांनी ताटावर आडवा हात धरला. "बस. ऐंशी झाले." वाढपी इकडेतिकडे बघायला लागला. त्याला वाटलं, हे पानं मोजतायत. मावशी धावत आली, जेवण आवडलं नाही का म्हणून. काका म्हणाले, "जेवण शंभर टक्के आहे वहिनी, मी ऐंशी टक्के आहे."

मे महिन्यात ते पार्किंगमध्ये गाडीच्या पोटाखाली टेबलफॅन लावतात. उष्णतेने बॅटरी म्हातारी होते म्हणे. माझी आई घामाने निथळत गॅसपाशी उभी असते आणि खाली गाडी वारा खात असते. गाडीची स्टेपनी त्यांनी काढून घरी ठेवली आहे, वजन नको म्हणून. पायपुसणीही काढली. आणि त्यांच्या पार्किंगच्या खांबावर खडूने आकडे असतात. तेवीस. बावीस. बावीस. एकवीस. आठवड्यातून तीनदा नवा आकडा. हे आकडे काय आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं. जुना वॉचमन ते मटक्याचे समजून रोज लावायचा. तो नोकरी सोडून गेला, त्यामागे हेच कारण असावं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग मी पत्रक काढलं.

आमच्या घरात पत्रकाला फार मान. माझे बाबा कारखान्यातून सुटले की पत्रकं वाटायला जायचे. जयंतीची, संपाची, पाणीटंचाईची. मी अक्षरओळख शिकलो ती गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. चुकीचं दिसलं की लिहायचं, छापायचं, दारोदार टाकायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे इमारतीच्या ग्रुपवर कुठल्याशा जळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचा व्हिडिओ आला, तेव्हा माझं रक्त तापलं. खाली पार्किंगमध्ये एक जुनी बॅटरी, वर चार मजले माणसं! मी एका बैठकीत लिहून काढलं: "आपण बॉम्बवर झोपतो आहोत का?" मुद्दे पाच. चौथा मुद्दा खांबावरच्या मटक्याचा होता.

प्रत काकांच्या दारातही टाकली. तत्त्वाचा प्रश्न होता, भीड कसली ठेवायची!

दुसऱ्या दिवशी ती परत आली. पेन्सिलीने समासात लिहिलं होतं: "मुद्दा तीन चूक. पुराचं पाणी चार्जरपर्यंत पोचणार नाही. मागच्या पुराच्या रेषेच्या वर वीतभर बसवला आहे, स्वतः मोजून ये. मुद्दा चार हास्यास्पद. शुद्धलेखन चांगलं."

मला राग आला तो शेवटच्या दोन शब्दांचा.

सेक्रेटरी गायकर यांना मात्र पत्रक मनापासून पटलं. रविवारी सकाळी सभा बोलावली आणि गुरुवारी संध्याकाळीच, निर्णय होईपर्यंत म्हणून, काकांच्या चार्जरची वीज तोडली. गाडी तेव्हाच बाहेरून आली होती. काका गायकरांच्या दाराशी गेले. जिन्यात मला सगळं ऐकू आलं.

"गायकर, शनिवारी मला गाडी लागते."

"म्हसकर, सभेला या, तिथे बोला."

"सभा रविवारी आहे. मला शनिवारी लागते."

"एवढं काय आहे शनिवारी?"

मग पायऱ्या चढल्याचा आवाज.

"मग बाहेर कुठे चार्ज का करत नाहीत?" असं तुम्ही विचाराल, मीही विचारलं होतं. त्या जुन्या गाडीचं तोंड वेगळं आहे. नव्या स्टेशनांवरची जाड नळी त्यात बसतच नाही. तिला घरचा साधा प्लगच लागतो.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या गॅलरीसमोरून एक पिवळी वायर खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरून, माझ्या आईच्या वाळत घातलेल्या साड्यांना वळसा घालून, थेट पार्किंगमध्ये. बारीक वायर होती. तापू नये म्हणून काकांनी चार्जिंग अगदी हळू ठेवलं होतं, रात्रभर चालणार होतं ते. खाली पोरं वायरवरून उड्या मारत खेळत होती.

आठ वाजता मी खाली गेलो आणि प्लग काढला.

लपवण्यात अर्थ नाही, मीच काढला. पोरांच्या पायात वायर, वीज तोडण्याचा निर्णय झालेला, आणि एक माणूस सगळ्यांना डावलून आपलं चालवतोय! वायर नीट गुंडाळली, गाडीच्या टपावर ठेवली. घरी येऊन शांतपणे जेवलो. शंभर टक्के.

शनिवारी सकाळी दहाला दार वाजलं. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली, चेहरा राखेसारखा.

"पत्रक," ते म्हणाले. ते मला याच नावाने हाक मारायला लागले होते. "चप्पल घाल. चल."

"कुठे?"

"बॉम्बमध्ये बस. लिहितोस तर बघून लिही."

मला नाही म्हणता आलं असतं. पण त्यांच्या आवाजात ओरडा नव्हता, आणि ओरडा नसलेल्या माणसाला कसं नाही म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

गाडीत बसलो. समोरच्या पट्टीवर आकडा होता: तेहतीस.

"रात्रभरात ऐंशी व्हायला हवे होते," काका म्हणाले. "कुणीतरी प्लग काढला."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"आता ऐक. इथून वांगणी आठ टक्के. वांगणीहून परत बदलापूरवरून उल्हासनगर कॅम्प एक, बावीस टक्के. किती झाले?"

"तीस."

"उरले किती?"

"तीन."

"तीन," ते म्हणाले, आणि गाडी गेटबाहेर काढली. "बारा वाजता डायलिसिसचं मशीन मिळतं. बाराला पेशंट बेडवर नसला, तर मशीन दुसऱ्याला. मग सोमवारपर्यंत नाही. गेल्या वर्षी एकदा चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाणी छातीत चढलं. पुन्हा चुकवायचं नाही."

"पेशंट कोण?"

काकांनी मागच्या आरशाचा कोन नीट केला.

"काका, मग रिक्षा करू या. टॅक्सी मागवू या."

"तिला इंधनाचा वास सहन होत नाही. पेट्रोल असो, गॅस असो. दहा मिनिटांत उलटी. डायलिसिसनंतर तर बघवत नाही." त्यांनी एसीचं बटण बंद असल्याची खात्री केली. "ही एकच गाडी आहे जिला वास नाही."

वांगणीपर्यंत काका असे चालवत होते की जणू ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलं आहे. उतार आला की पाय काढायचे, चढ आला की ओठ आवळायचे. मागून येणारे टेम्पो हॉर्न मारून, शिवी देऊन पुढे जायचे. वांगणीत स्टेशनपासून आत एका कौलारू घरासमोर थांबलो, तेव्हा पट्टीवर पंचवीस होते. हिशोब चोख.

ओसरीवर एक बाई वाट बघत बसल्या होत्या. साठीच्या, काटकुळ्या, हिरवी साडी, डाव्या दंडावर पट्टी. भावजयीच्या हाताला धरून त्या आल्या आणि सवयीने मागच्या सीटवर बसल्या. काकांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं.

"ह्यो कोन?"

"शेजारी आहे," काका म्हणाले.

"मी तुला इचारलं, बाला."

"मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, मावशी."

"बरं. मंगं डायवरला सांग, आज उशीर केला त्यानं. आनि पंखा लाव म्हनावं, मला घुसमटतंय."

मी काकांकडे वळलो. दोघांत हातभर अंतर होतं. "काका, पंखा लावा म्हणतायत."

काकांनी पंखा लावला. "त्यांना सांग, जरा कमीच ठेवलाय. बॅटरी कमी आहे."

"मावशी, कमी ठेवलाय म्हणतायत."

"ऐकलं. मी भैरी हाय का?"

या मंदाताई. त्या काकांच्या कोण, हे अजून मला कुणी सांगितलं नव्हतं. पण परक्या ड्रायव्हरवर एवढा राग कुणी धरत नाही.

बदलापूर येण्याआधीच आकडा विसाच्या खाली गेला. मी काकांकडे बघत होतो. गाडी आल्यापासून तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते होत होतं. त्यांनी पट्टीकडे एकदा बघितलं, आणि मग काच पुसायच्या कपड्याने तिचा तो कोपरा झाकून टाकला. एका मिनिटाने पुन्हा उघडला.

"सतरा," ते म्हणाले.

बदलापूरच्या पुलाखाली सात मिनिटं अडकलो. अंबरनाथमध्ये शिरताना बारा. अकरा वाजून दहा मिनिटं. तीन तास अजून चार्ज झाली असती तर! दोन तास! एक तास तरी! प्रत्येक सिग्नलला मला माझा हात दिसत होता, प्लग धरलेला, तत्त्वाने भरलेला.

"दहा," काका म्हणाले. ते आता मोठ्याने मोजत होते, आणि आपण मोठ्याने मोजतोय हे त्यांना कळत नव्हतं.

उल्हासनगरच्या भागांना कॅम्प म्हणतात; अंबरनाथहून शिरलं की आधी कॅम्प पाच लागतो, मग चार, तीन, दोन आणि शेवटी एक. हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की हे उलटं मोजणं आहे. कॅम्पही कमी होत होते, टक्केही. कॅम्प पाच, आठ टक्के. कॅम्प चार, सात. फर्निचरवाल्यांच्या गल्लीत एका हातगाडीवाल्याने आडवा सोफा उभा केला होता. काका हॉर्न वाजवेनात.

"वाजवा ना!"

"हॉर्नलाही वीज लागते."

"काका, हॉर्नला किती लागते!"

"लागते."

मी काच खाली करून ओरडलो, "ओ भाई, पेशंट है! साईड दो!" सोफा हलला.

कॅम्प तीनमध्ये पाच टक्क्यांवर पट्टीवर एक पिवळं कासव उमटलं. खरोखरचं कासव, छोटंसं, चार पायांचं. काकांनी ते आजवर फक्त गाडीच्या माहितीपुस्तकात पाहिलं होतं. बॅटरी संपत आली की गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते आणि हे चित्र दाखवते. गाडी सायकलीच्या वेगाने सरकायला लागली. मागे हॉर्नचा कल्लोळ. कुणीतरी खिडकीशी येऊन म्हणालं, "अंकल, धक्का मारू क्या, की वाजत गाजत जाताय?"

"काय झालं?" मंदाताईंनी डोळे मिटूनच मला विचारलं.

"बॅटरी संपत आलीय, मावशी." "पोचू आपण."

पंखा तेवढा घरघरत होता, आणि त्यांनी तो बंद केला नव्हता. पंख्याला हात लावायचं त्यांच्या मनात आलं असेल, नाही असं नाही. त्यांनी लावला नाही.

मागच्या सीटवरून आवाज आला. "अहो."

मी वळून पाहिलं, त्यांचे डोळे उघडे होते.

"अहो, पंखा बंद करा. मला नाय लागत."

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ड्रायव्हरला कुणी असं "अहो" म्हणत नाही. काकांनी मागे बघितलं नाही. हात पुढे केला, पंखा बंद केला, आणि हात परत स्टीअरिंगवर यायला जरा जास्तच वेळ लागला.

कॅम्प दोन, चार टक्के. कॅम्प एकच्या वळणावर तीन. डायलिसिस सेंटरच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा दोन टक्के होते आणि बाराला चार मिनिटं कमी. मी मंदाताईंना धरून आत नेलं. दारातून वळून त्या म्हणाल्या, "बाला, डायवरला सांग, साडेचारला ये."

गाडी तिथे ठेवून चालणार नव्हतं. दोन दुकानं सोडून एक कुल्फीवाला सिंधी म्हातारा होता. आम्ही गाडी ढकलत त्याच्या दारात नेली.

"साईं, चार घंटे प्लग मिलेगा?" काका म्हणाले.

म्हाताऱ्याने गाडीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, सेंटरच्या पाटीकडे बघितलं. "पेशंट आपका?"

"हां."

त्याने डीप फ्रीजरचा प्लग काढला आणि आमच्यासाठी सॉकेट मोकळं केलं. "आज फ्रीजर को छुट्टी. पर रोज नहीं हां साईं, कुल्फी का सूप हो जायेगा."

दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मला राहवेना.

"काका, प्लग मी काढला."

"माहीत आहे."

"कसं?"

"वॉचमनने काढला असता तर वायर जमिनीवर फेकली असती. पोरांनी काढला असता तर ओढून तोडली असती. ही नीट गुंडाळून, गाठ मारून टपावर ठेवलेली. म्हटलं, हे तत्त्ववाल्याचं काम." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून तर तुला आणलं."

मी मान खाली घातली. काका समोर वाहत्या रस्त्याकडे बघत बोलत राहिले, मला नाही, त्या रस्त्याला सांगितल्यासारखं.

"बायको आहे माझी. बावीस वर्षं झाली घर सोडून. भांडण मोठं नव्हतं. मला वस्तू जपायची सवय. मिक्सर खोक्यात, सोफ्याला प्लास्टिक, रिमोटला पिशवी. लग्नात काचेचे सहा कप आले होते, निळ्या फुलांचे. तिचा भाऊ पहिल्यांदा घरी आला, तिने ते काढले. मी म्हणालो, ठेव ते, स्टीलच्या पेल्यात दे चहा. भावासमोर. ती म्हणाली, तुम्ही वस्तू जपता आणि माणसं वापरता. संध्याकाळी भावाबरोबर निघून गेली."

"आणि कप?"

"आहेत. सहाच्या सहा." ते हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. "तीन वर्षांपूर्वी कळलं, तिच्या किडन्या गेल्या. भावाच्या गाडीत वासाने उलट्या करत जाते. मी ही घेऊन गेलो. म्हणाली, गाडी म्हणून बसेन, तुमची म्हणून नाही. मी म्हटलं, चालेल. तेव्हापासून मी डायवर."

"आणि ते खांबावरचे आकडे?"

"घरून ऐंशीवर निघायचं. वांगणी, कॅम्प एक, परत वांगणी, परत घर. घरी पोचलो की किती उरले, तो आकडा. पहिल्या वर्षी सव्वीस उरायचे. मग पंचवीस, तेवीस. या गुरुवारी वीस. बॅटरी झिजतेच, किती जपलं तरी. स्टेपनी काढली, अर्धा टक्का वाचला. मी सहा किलो उतरवले, बहुतेक पाव टक्का."

म्हणजे ती जिलबी.

"डॉक्टर म्हणतात, पथ्य सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं टिकतो. ती सांभाळते. ती टिकेल रे. गाडी टिकायला पाहिजे."

"आणि विसाच्या खाली आलं की?"

"नियम बदलायचा. अठराच्या खाली नाही. मग सोळाच्या." त्यांनी सेंटरच्या दाराकडे बघितलं. "आज मात्र दोनपर्यंत नेली तिला. एवढं खोल जाऊ द्यायचं नसतं. किती आयुष्य कमी झालं असेल, काय माहीत."

गाडीबद्दल बोलत होते ते. बहुतेक.

रविवारी सभा झाली, पार्किंगमध्येच, खुर्च्या मांडून. मी उठून सांगितलं, माझं पत्रक मी मागे घेतो. पुराची रेषा मोजली आहे, चार्जर वीतभर वर आहे, वायरिंग मी इलेक्ट्रिशियनला दाखवून आलो आहे, आकडे मटक्याचे नाहीत. गायकर म्हणाले, "कालपर्यंत बॉम्ब होता, आज काय फुलबाजी झाली?" लोक हसले. हसणं माझ्या हक्काचं होतं, मी ऐकून घेतलं.

मग गायकर काकांकडे वळले. "म्हसकर, सरळ सांगा ना. रोज कुठे जाते गाडी? एवढी निकड कसली? सांगितलंत तर लोक समजून घेतील."

सगळे काकांकडे बघत होते. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे चार बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि विषय संपला असता. काका उभे राहिले. "मी प्लग मागतोय," ते म्हणाले. "दया मागत नाही. गाडी कुठे जाते, ते तिच्यात बसणाऱ्याचं खाजगी आहे." आणि खाली बसले.

हात वर झाले. गायकरांनी दोनदा मोजले. बाजूने अकरा, विरोधात दहा. तीन महिन्यांची परवानगी, तज्ज्ञाकडून तपासणी, मग पुन्हा सभा. अकरावा हात माझ्या आईचा होता. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, कारण तसं वचन दिलं होतं. नंतर विचारलं, तू का हात वर केलास? ती म्हणाली, "आठवड्यातून तीन दिवस तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो. कुणासाठी तरीच जात असेल ना."

हे लिहायची परवानगी मी दोघांकडूनही घेतली आहे. काका म्हणाले, बॅटरीचे आकडे बरोबर लिही. मंदाताई म्हणाल्या, नाव बदल आणि त्याला डायवरच लिही. आकडे बरोबर लिहिले, नावही बदललं; डायवर मात्र पूर्ण जमलं नाही.

तीन महिन्यांनी आमच्याकडे पुन्हा हात मोजले जातील. तुमच्याकडेही कधी ना कधी मोजले जातील, कारण अशा गाड्या आता प्रत्येक पार्किंगमध्ये येणार आहेत, जुन्या होणार आहेत, आणि प्रत्येकीत कुणी ना कुणी मागच्या सीटवर बसणार आहे. तेव्हा मी तुमच्याकडे एवढंच मागतो. आज घरी जाताना पार्किंगमधून जा. एखाद्या गाडीचा प्लग कुणी काढून ठेवलेला दिसला, कितीही नीट गुंडाळून ठेवलेला असला, तरी ज्याची गाडी आहे त्याला हाक मारा आणि त्याच्यासमोर तो परत लावा. आधी प्लग लावा. प्रश्न नंतर विचारा.